पितळेतले चोवीस आरे

इंदोरा, नागपूर
९ जुलै १९७८

देवाजी उस्तादांना सुभद्रा गजभियेचा जयभीम.

त्या सकाळी नळाला पाणी लवकर आलं होतं. गुंड भरून झाल्यावर मी अंगण झाडलं, स्टोव्हला पिन मारली आणि चहा ठेवला. हे मागच्या शेडमध्ये खिडकीपाशी बसले होते, डोळ्याला भिंग लावून. मी कप नेऊन ठेवला तर म्हणाले, "बाजूले हो वं, उजेड अडते." मी बाजूला झाले. मग तांदूळ निवडले, डाळ शिजायला टाकली, कपडे धुतले. कपडे वाळत घालत होते तेव्हा आतून हाक आली, "सुभद्रा, झालं वं."

मी म्हटलं, "काय झालं?"

"चोविसावा आरा झाला."

"मग चहा प्या. निवला असन."

त्यांनी निवलेला चहा प्यायला. दुपारी छातीत कळ आली. धंतोलीला दवाखान्यात नेलं. पुढचं तुम्हाला तारेनं कळलंच.

तुम्ही पत्रात विचारलं होतंत की शालिक शेवटी काय करून राहिला होता. तर हे हेच आरे कोरत होते. उत्तर द्यायला उशीर झाला. आधी लिहायला बसले होते, पण तेव्हा फक्त डाळीपर्यंत पोचले.

आता तो आरा कशाचा ते सांगते. ही पितळेची डाय आहे, शर्टाच्या बटणाएवढ्या चाकाचा साचा. चोवीस आरे, मधल्या जागा आरपार मोकळ्या, मागे टाचणी. रंग निळा. ह्यांनी विहारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की औंदा दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाताना आपल्या वस्तीतल्या प्रत्येकाच्या छातीवर आपल्या घरचं चाक राहीन. आता मला त्याबद्दल कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून मी चाक काढायला घेतलं. मशीन मला येते. हे डाया करायचे आणि तेलाच्या बाटल्यांची बुचं मी काढायचे. वरून प्लॅस्टिकचा दाणा टाकायचा, हीटरनं वितळू द्यायचा, दांडा ओढून खालच्या डायमध्ये दाबायचा, ओल्या फडक्यानं डाय निववायची, उघडायची. बुच निघतं. चाक निघत नाही. ज्या तोंडातून प्लॅस्टिक आत शिरतं त्याच्या आजूबाजूचे थोडे आरे येतात आणि पुढे काहीच नाही. जास्त दाणा टाकून पाहिला, दांडा जास्त वेळ दाबून धरला. तेवढंच येतं. ह्या चाकाला प्लॅस्टिक लागतं ज्वारीच्या दाण्याएवढं. एवढं मोठं बुच भरतं आणि हे भरत नाही, याचा मला उलगडा होत नाही.

वाचनालयात जाऊन प्लॅस्टिकवर मराठीत काही आहे का विचारलं. त्यांनी लोणच्यांचं पुस्तक काढून दिलं. म्हणाले, बरण्या प्लॅस्टिकच्या येतात ना आता. मी ते घरी आणून वाचलं. लिंबाचा भाग चांगला आहे.

डाय बरोबर आहे. चूक माझ्याच हाताची असणार. काय चुकतं ते लिहा.

सुभद्रा


भुसावळ
१७ जुलै १९७८

सुभद्राबाईले देवाजीचा जयभीम.

मी सांगून राहिलो अन् माही पोरगी चारुशीला लिहून राहिली. तिले म्हटलं, मी बोलतो तसंच लिही, तुह्या शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासल्यासारखं माह्यं बोलणं तपासू नको.

शालिकबद्दल लिहीत नाही. गिरणीच्या वर्कशॉपात तो माह्या हाताखाली आला तेव्हा त्याले मिशी नव्हती. एवढं पुरे.

आता कामाचं. बाई, वितळलेल्या प्लॅस्टिकले पाणी समजू नका. पाणी फटीत जाते, कोपऱ्यात जाते, कुठंही जाते. प्लॅस्टिक डायच्या गार भिंतीले लागलं की लागल्या जागी थिजते, दुधावर साय धरते तसं. मधातून गरम पुढं सरकते. पुढं गेलं की तेही भिंतीले लागते, तेही थिजते. बुचाची जागा जाड हाये. दोन्हीकडून साय धरली तरी मधात वाट राहते. तुमचा आरा केवढा? सुतळीचा एक तंतू. दोन्हीकडची साय मधात भेटली, वाट बंद. मंग मागून हत्ती बसवला तरी पुढं जात नाही. लहान नग मोठ्याहून अवघड तो याच्यासाठी. लोकायले उलटंच वाटते.

अन् तुम्ही वरून ओलं फडकं मारून राहिल्या! बुचाले फडकं पाहिजे, चाकाले शेक पाहिजे. त्यात पितळ. पितळ गर्मी अशी खाते जसं लग्नातलं वऱ्हाड. डाय आधी तव्यावर तापवा. बोट लावता आलं पाहिजे, पण ठेवता नाही आलं पाहिजे.

दुसरं, दांडा हळू ओढू नका. शालिक हळू ओढत होता, मोठ्या नगाले ते बरोबर. इथं एका झटक्यात. प्लॅस्टिकचा स्वभाव असा की जेवढं हाकलाल तेवढं पातळ होते. चिंचोळ्या तोंडातून जोरात घुसलं की घासून आणखी तापते. हळू सोडलं की वाटेतच बसकण मारते.

तिसरं, शालिकनं आत शिरायचं तोंड कुठं ठेवलं ते कळवा.

देवाजी खोब्रागडे

ता. क. काकू, डाय किती तापवायची ते नीट सांगता यावं म्हणून बाबांनी तव्यावर आमच्या ह्यांचं हातघड्याळ ठेवून बोट लावून पाहिलं. घड्याळ चालू आहे. पट्टा प्लॅस्टिकचा होता. – चारुशीला


इंदोरा, नागपूर
३० जुलै १९७८

देवाजी उस्तादांना जयभीम.

तवा केला. त्याच्यावर आता पोळ्या करत नाही, दुसरा आणला. झटक्यात ओढायलाही जमलं, पण फडक्याचं हाताला समजेना. दांडा सोडला की हात आपोआप बादलीत जातो. इतकी वर्षं यांनी तेच करायला लावलं. शेवटी बादली अंगणात नेऊन ठेवली. तरी एकदा हात रिकाम्या जागेत जाऊन आला.

तुम्ही पातळ होतं म्हणालात ते आधी पटलं नव्हतं. मग दही घुसळताना पटलं. उभं राहिलं की घट्ट, रवी फिरली की पातळ. मी हे रोज हातानं करत होते, डोक्यानं आत्ता केलं.

आता चाक पुष्कळ भरतं. तोंडापासून प्लॅस्टिक दोन्ही अंगांनी कड्यातून पळतं आणि थेट समोरच्या बाजूला भेटायला जातं. पण भेट होत नाही. समोरचे पाच-सहा आरे येत नाहीत, आणि कडंही तिथं तुटलेलं राहतं.

एक चाक घेऊन रविवारी विहारात गेले. पार्वतीबाईला तुम्ही ओळखता, आमच्या शेजारची, महिला मंडळ तीच चालवते. तिनं हातावर घेतलं, उजेडाकडे धरलं.

"अवं सुभद्रे, याचे दात पडले काय वं?"

मी म्हटलं, "समोरचे आरे भरून नाही राहिले."

"मंग तिथून पदर घ्यायचा. दिसत नाही कोणाले."

"माणसं कुठून पदर घेतील?"

"माणसं तर पहातही नाहीत. अन् चोवीसच काहून पाहिजे? आठ आऱ्याचंही चाक राहते. आठ कर, मोकळी हो. कोण मोजते?"

तिची नात तेव्हा खाली बसून माझ्या चाकाचे आरे मोजत होती. अठरा म्हणाली. पार्वतीबाईनं तिला चप्पल सांभाळायला पाठवलं.

तोंड कुठं आहे ते विचारलंत. चाकाच्या कड्याला, खालच्या बाजूनं. मधोमध दिलं असतं तर मधल्या तुंब्यावर कापल्याचा डाग राहिला असता. हे म्हणाले होते, चाकाच्या मधात डाग नको. तेव्हा ते बदलण्यातलं नाही. दुसरं काही असेल तर सांगा.

सुभद्रा


भुसावळ
८ ऑगस्ट १९७८

सुभद्राबाईले जयभीम.

दुसरं काही नाही. हे सांगतो ते नीट ऐका.

कड्याच्या एका बाजूनं शिरलं तर समोरच्या आऱ्याले सगळ्यात लांब पडते. वाटेत थिजते. दोन्हीकडून आलेल्याच्या मधात हवाही कोंडते, तिले बाहेर जायले जागा नाही, ती प्लॅस्टिकले आत येऊ देत नाही. तोंड तुंब्यालेच द्या लागते. तिथून सगळ्या आऱ्याले सारखं अंतर. पण समोरून नाही, डायच्या मागच्या पाटातून. डाग मागं राहीन, त्याच्यावर टाचणी बसन. शालिकले हे सुचलं नसन असं नाही. एक काम पुरं झालं की दुसरं पाहू असं म्हटलं असन.

कड्याच्या बाहेरून सुईच्या टोकानं हवेले बारीक ओरखडे द्या. इतके बारीक की हवा जाईन अन् प्लॅस्टिक नाही जाणार.

अन् मले वाटते, आरेही उथळ हायेत. तुमचं पत्र ऐकून वाटते, पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून असं करा, डाय रजिस्टर पार्सलनं माह्याकडे पाठवून द्या. तिथं कोणाले कोरणी लावू देऊ नका. तोंड, हवा, आरे, सगळं मीच करून धाडतो. दसऱ्याच्या आधी मिळून जाईन.

देवाजी

ता. क. काकू, हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. बाबांचा उजवा हात कापतो. दोन वर्षं झाली. कप मी अर्धाच भरते आणि ते म्हणतात, तुह्या घरी दूध महाग झालं काय. डाय आली तर ते दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाहीत, आणि झालं ते झाल्यावर त्यांना सहन होणार नाही. मी सांगितलं असं कळू देऊ नका. पाठवू नका. – चारुशीला


भुसावळ
२२ ऑगस्ट १९७८ (पोस्टकार्ड)

सुभद्राबाईले जयभीम. डाय आली नाही. पार्सल हरवलं का पाठवलंच नाही? पोस्टात रोज विचारून राहिलो. पोस्टमास्तर आता मले पाहून खिडकी लावते. माह्या हातावर भरोसा नसन तर तसं लिहा. शालिकनं कोरणी धरली ती याच हातानं त्याच्या हातात दिली होती. देवाजी.


इंदोरा, नागपूर
२७ ऑगस्ट १९७८

देवाजी उस्तादांना जयभीम.

पार्सल हरवलं नाही. पाठवलंच नाही. कार्डावरचं सगळं पोस्टमननं वाचलं आणि मला विचारलं, "बाई, उस्तादाची डाय काहून नाही पाठवत?" आता गल्लीला माहीत आहे.

तुम्ही सांगितलेलं अर्धं करून पाहिलं. डायचे दोन पाट आहेत हे तुम्हाला सांगायला नको. मागचा पाट सपाट आहे, त्यावर यांचं काही कोरलेलं नाही. तो एकटाच पदराखाली घेऊन कामठी रोडला धोंडबाच्या लेथवर गेले. धोंडबा म्हणाला, "दुसरा पाट कुठं हाये? त्याच्याशिवाय मधोमध कसं सापडन?" मी म्हटलं, कागदावर ठसा घेऊन आले आहे, त्यावरून कर. तो म्हणाला, "बाई, मी तो पाट खात नाही." पण केलं, आणि बरोबर मधोमध आलं. हवेचे ओरखडेही सुईनं मीच मागच्या पाटावर दिले. जुनं तोंडही त्याच पाटात होतं, ते बुजवून घेतलं.

आता प्लॅस्टिक तुंब्यातून निघून चोवीस वाटांना एकदम सुटतं. सगळे आरे येतात, सारखे. पण टोकाला पोचेपर्यंत थिजतात, आणि त्यांना जोडणारं कडं होतच नाही. पार्वतीबाईला दाखवलं. म्हणाली, "आधी बोळकं होतं, आता साळिंदर झालं."

तर तुमचं खरं आहे. आरे उथळ आहेत. ते खोल केले की वाट मोकळी होईल आणि कड्यापर्यंत गरम प्लॅस्टिक पोचेल. हे मला समजलं आहे. समजलं नाही म्हणून थांबले असं मानू नका.

डाय पाठवत नाही त्याचं कारण सांगते. तुमच्या हाताचा काही प्रश्न नाही. पुढचा पाट मी कोणालाच देणार नाही.

हे आरे यांनी संध्याकाळी कोरले, कामावरून आल्यावर, आणि सुटीच्या सकाळी. दिवा मी धरायचे. कोणता आरा कधीचा ते मला माहीत आहे. एका आऱ्याला वीज गेली म्हणून मधात गाठ आहे. एक किंचित वाकडा आहे, तेव्हा मी शिंकले. बोलणी खाल्ली. त्याच्या पुढचे तीन एकदम सरळ आहेत, कारण त्या संध्याकाळी मला दिवा धरू दिला नाही, खुंटीला टांगला. डोळ्याला भिंग लावलं की हे सगळं तिथं दिसतं. खोल करायचं म्हणजे ह्या प्रत्येकावरून दुसऱ्या कोणाची तरी कोरणी जाणार. चांगल्या हाताची असली तरी जाणार. मग ते त्या माणसाचे आरे होतील.

लोक म्हणतात, शालिकराम काम पुरं करून गेले. विहारात शोकसभा झाली तेव्हा मीही उभी राहून तेच सांगितलं. तेवढं एक सांगण्यासारखं होतं.

दसऱ्याला चाकं झाली नाहीत तर नाही झाली. बाजारात पत्र्याची मिळतात. मी मंडळाला तसं सांगून टाकते.

चारुशीलाला आशीर्वाद. तुमच्या घरी दूध महाग झालं असं ऐकलं, इथंही तेच आहे.

सुभद्रा


भुसावळ
९ सप्टेंबर १९७८

सुभद्राबाई,

जयभीम. हे पत्र मी सोता लिहून राहिलो. चारुशीलाले बाजारात धाडलं. अक्षर पाहा. एका पानात चार ओळी बसून राहिल्या अन् ओळी चढावरच्या बैलगाडीसारख्या चालल्या. दुधाचं तुम्हाले कोणी सांगतलं ते मले समजलं. तिच्यावर मी रागावलो नाही, अजून.

तर डाय पाठवू नका. पाठवली तरी मी घेत नाही. तो विषय संपला.

आता दुसरा. तुमचं पहिलं पत्र मी चारुशीलाकडून पुन्हा वाचून घेतलं. शालिक म्हणाला, झालं. बाई, त्याचा मतलब तुम्ही चुकीचा घेतला. तुमचा दोष नाही, तुम्ही बुचं काढली, डाय नाही केली.

डायवाला पहिल्यांदा कधीच पुरं खोल कापत नाही. कापलेलं पितळ परत येत नाही. म्हणून पहिला हात उथळ मारायचा. मंग मशीनवर चढवायची, नग काढून पाह्यचा, कुठं भरते, कुठं नाही भरत. मंग भिंग लावून दुसरा हात. पुन्हा नग. मंग तिसरा. शालिकले मी पहिल्या महिन्यात हेच शिकवलं. त्यानं घाईनं एक डाय पहिल्याच हातात पुरी कापली होती, ती भंगारात गेली, अन् मी त्याले ती घरी न्यायले लावली, रोज पाहाले. त्याच्यानंतर त्यानं ती चूक केली नाही.

तुम्ही लिहिता, आरे उथळ हायेत. मंग ते उथळ ठेवले त्यानंच. तुम्हाले झालं म्हणाला तो पहिला हात झाला. वीज गेली तिथली गाठ अन् तुम्ही शिंकल्या तो वाकडा आरा, हे दोन्ही तो दुसऱ्या हातात काढून टाकणार होता. मी शालिकले ओळखतो. वाकडी रेघ ठेवून तो मेला नसता, टाइम भेटला असता तर.

त्यानं काम पुरं केलं नाही, बाई. अर्धं टाकून गेला. तुम्हाले हे ऐकून बरं वाटणार नाही. मलेही लिहून वाटलं नाही.

कोरणी तळहाताच्या खड्ड्यात धरा. जोर खांद्यातून, बोटं फक्त दिशा दाखवतात. तुंब्याकडून कड्याकडे. एकदा केसाएवढंच. थांबा, फुंका, पाहा. दिवा तुम्ही इतके दिवस धरला तर हात कसा चालते ते तुम्ही पाह्यलं असन. मी कोणाले दिवा धरू दिला नाही, म्हणून माह्या घरात कोणाले येत नाही.

करायचं नसन तर नका करू. पण तो पुरं करून गेला असं नका म्हणू.

देवाजी


इंदोरा, नागपूर
२८ सप्टेंबर १९७८

देवाजी उस्तादांना जयभीम.

तुमचं पत्र वाचायला वेळ लागला. अक्षर लागलं, पण तेवढंच कारण नाही.

आधी राग आला. तुमच्यावर आला, मग यांच्यावर. मग मी पुढचा पाट काढला आणि भिंग लावून पाहिला, तुमचं म्हणणं खोटं ठरवणारं काही सापडतं का ते. एरवी मी गाठ पाहायचे, वाकडा आरा पाहायचे. ह्या वेळी आऱ्यांची टोकं पाहिली. प्रत्येक आऱ्याची खोली तुंब्याच्या थोडी अलीकडे थांबवली आहे, तिथून पुढं नुसती रेघ, आणि सगळे अगदी सारख्या अंतरावर थांबवले आहेत. शिंकेनं वाकडा झालेलासुद्धा. म्हणजे पुढं न्यायचे होते. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. माझ्या चाकांचे आरे तुंब्यापाशी नखासारखे पातळ येतात, ते याच्यामुळेच. ते मी प्लॅस्टिकवर ढकलत होते.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर पार्वतीबाईला सांगितलं की ह्यांचं काम पुरं झालेलं नव्हतं. शोकसभेत मी सांगितलं ते बरोबर नव्हतं.

ती म्हणाली, "हे आता कोणाले सांगा लागते काय?"

मी म्हटलं, "तुले सांगून राहिले."

तिनं पायाखालची चटई सरळ केली. मग म्हणाली, "माह्यं माणूस तर घराचं छप्पर अर्धं टाकून गेलं वं. मी कोणाले सांगतलं नाही, पण पावसात सगळ्यायले समजलं." मग आम्ही दोघी चटया उचलायला लागलो.

सोमवारी सकाळची कामं आटोपून शेडमध्ये खिडकीपाशी बसले. दिवा खुंटीला टांगला. आधी एका रिकाम्या पितळेच्या तुकड्यावर रेघा मारून पाहिल्या. पहिल्या पाच-सहा अशा गेल्या की तुमचं अक्षर त्यांच्यापुढं छापील वाटेल. मग खांद्यातून जोर म्हणजे काय ते लागलं. शेव पाडताना सोऱ्या दाबतो तो जोर नाही, जातं ओढतो तो आहे. हे लिहून ठेवते, तुम्हाला पुढं कोणाला सांगायला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी वाकडा आरा घेतला. तो वाचवायचा असं ठरवलं असतं तर बाकीचेही झाले नसते. कोरणी तुंब्याकडून कड्याकडे नेली. पितळेची केसासारखी तार निघाली आणि वळून बोटाला चिकटली. फुंकलं. पाहिलं. आरा अजून थोडा वाकडाच होता, म्हणून पुन्हा नेली. मग सरळ झाला. मग गाठीचा घेतला. गाठ गेली. त्यानंतर सोपं गेलं, कारण बाकीच्यांत जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त कापायचं होतं.

एका दिवसात झालं नाही. थोडं कापलं, डाय तव्यावर ठेवली, नग काढला, पाहिला, जिथं कडं तुटत होतं तिथले आरे पुन्हा कापले. तुम्ही म्हणालात तसाच दुसरा हात आणि मग तिसरा. एक आरा माझ्या हातून जास्त खोल गेला. तो आता चाकात थोडा जाड दिसतो. परत येत नाही, तुम्ही म्हणालातच. दोष कोणाला द्यायचा हे आता मला विचारायला नको.

काल दुपारी डाय उघडली आणि चाक पुरं निघालं. चोवीस आरे, कडं अखंड. मागं तुंब्यावर शेपटी होती ती कापली, टाचणी तापवून बसवली. पार्वतीबाईच्या नातीला मोजायला दिलं. तिनं दोनदा मोजलं. मग विचारलं, "हे कोणं केलं?" मी म्हटलं, "त्यायनं अन् मी." ती म्हणाली, "जाड आरा कोणाचा?" मी म्हटलं, "माहा."

एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती. जुलैपासून काढलेले सगळे अपुरे नग, दात पडलेले आणि साळिंदरं, मी फेकले नव्हते. वाया गेलेला नग पुन्हा दाण्यात टाकायचा हा आपल्या कामातला नियम, तोही पाळला नव्हता. त्यांच्यावर यांचे आरे उमटलेले होते, गाठीसकट. डायवरचे गेले तरी ह्यांच्यावर राहतील असं मनात होतं. काल संध्याकाळी ते ताटात ओतले आणि भिंगाखाली एकेक करून सगळे पाहिले.

आज सकाळी मी ते पाट्यावर वरवंट्यानं चुरले, नव्या दाण्यात मिसळले आणि हीटर लावला.

सुभद्रा